एकच चावी उरलेली गाडी: दुसरी चावी, स्मार्ट की आणि चावी हरवल्यावरची कामं

आधी उठा आणि गाडीच्या दुसऱ्या चावीचा पत्ता लावा. कपाटात असेल, देवघराच्या खणात असेल, गावाकडं राहिली असेल. ती घेऊन गाडीपाशी जा. तिनं दार उघडतं का आणि इंजिन चालू होतं का, दोन्ही बघा. चालत असेल तर पुढचं निवांत वाचा. सापडत नसेल, किंवा जुनी गाडी घेताना एकच चावी हातात आली असेल, तर या आठवड्यातलं पहिलं काम तेच.

एक चावी चालू असली की दुसरी करणं बहुतेक गाड्यांना तासा-दोन तासांचं काम असतं आणि गाडी स्वतःच्या चाकांवर चावीवाल्यापर्यंत जाते. दोन्ही गेल्या की त्याच कामासाठी टोचन, गाडीचा गुप्त पिन कोड, कागदपत्रं आणि वाट बघणं मागं लागतं. मराठवाड्यात यात अंतराची भर पडते. कंपन्यांची मोठी वर्कशॉपं छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, जालना अशा शहरांत. किनवटला किंवा माहूरला चावीविना उभी राहिलेली गाडी नांदेडला आणायची म्हणजे शंभर किलोमीटरहून जास्त ओढत आणायची.

ट्रॅक्टरच्या सवयीनं इथं विचार करू नका. एकाच कंपनीच्या बऱ्याच ट्रॅक्टरना एकच चावी चालते, त्यामुळं शेजाऱ्याची आणून भागतं. कारचं तसं नाही.

चावी एक, वस्तू तीन

गेल्या वीसेक वर्षांतल्या बहुतेक गाड्यांच्या चावीत तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. बिघाड कोणत्या गोष्टीत आहे हे ओळखलं की अर्धा खर्च वाचतो.

पहिली म्हणजे पातं. जुन्या पद्धतीत कडेला दाते असतात. नव्या गाड्यांत पात्याच्या अंगावर नागमोडी खाच असते, तिला बाजारात लेझर कट म्हणतात. लेझर कट चावी साध्या कानशीनं होत नाही, तिला वेगळं मशीन लागतं.

दुसरी म्हणजे चिप. चावीच्या डोक्यात, प्लास्टिकच्या आत, तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी काचेची नळी किंवा छोटी काळी वडी असते. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. बहुतेक गाड्यांत ते १२५ किलोहर्ट्‌झला चुंबकीय क्षेत्र तयार करतं, चिप त्यातूनच वीज घेते आणि आपला क्रमांक सांगते. तो गाडीतल्या नोंदीशी जुळला तरच इंजिनला डिझेल-पेट्रोल आणि ठिणगी मिळते. यालाच इमोबिलायझर म्हणतात.

तिसरा म्हणजे रिमोट. दारं उघड-बंद करणारा हा भाग सेलवर चालतो आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ४३३.९२ मेगाहर्ट्‌झवर बोलतो. दर वेळी बटण दाबलं की तो नवा कोड पाठवतो, म्हणून एकदा पकडलेला संकेत पुन्हा वाजवून गाडी उघडत नाही.

आता लक्षणं. रिमोटनं दार उघडत नाही, पण चावी फिरवली की इंजिन चालू होतं: बहुधा सेल संपला आहे, चिप ठणठणीत आहे. उलट, दार उघडतं, पण इंजिन पकडत नाही किंवा पकडून दोन सेकंदांत बंद पडतं आणि डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह मिचमिचत राहतं: चिप वाचली जात नाही. अशा वेळी सेल बदलून काही होणार नाही. स्टार्टर मारत बसलात तर गाडीची बॅटरीही बसेल.

चिप न वाचली जाण्याची दोन कारणं फार वेळा दिसतात. एक, एकाच कडीत दोन गाड्यांच्या चिपच्या चाव्या. दोन्ही चिपा एकदम बोलतात आणि गाडी कुणाचंच ऐकत नाही. दुसरी चावी कडीतून काढून पुन्हा प्रयत्न करा. दोन, कव्हर बदलणं. चावीचं प्लास्टिक तुटलं म्हणून बाजारातून नवं कव्हर घेतलं, पातं आणि रिमोटची सर्किटची पट्टी नव्यात बसवली आणि जुनं कव्हर फेकून दिलं. बऱ्याच चाव्यांत चिप पट्टीवर नसते, जुन्या कव्हरच्या कोपऱ्यात चिकटवलेली असते. कचऱ्यात कव्हराबरोबर चिपही जाते. म्हणून कव्हर बदलल्यावर गाडी चालू करून बघितल्याशिवाय जुन्या प्लास्टिकचा एक तुकडाही टाकायचा नाही.

बटणाच्या गाड्या

स्मार्ट की म्हणजे खिशातच ठेवायची चावी; दार आणि इंजिन दोन्ही गाडीवरच्या बटणानं चालतात. हिच्यात संभाषण उलट बाजूनं सुरू होतं. दाराच्या दांडीवरचं बटण दाबलं की गाडी कमी फ्रिक्वेन्सीवर हाक मारते, खिशातली चावी जागी होऊन रिमोटच्या फ्रिक्वेन्सीवर उत्तर देते. दाराभोवती हे साधारण ०.७ ते १ मीटरपर्यंतच चालतं. इंजिन चालू करायला चावी गाडीच्या आत हवी.

मोबाईल बिनतारी चार्जिंगच्या पाटीवर आणि चावी त्याच्या शेजारी, असं असेल तर “चावी सापडत नाही” असा संदेश येऊ शकतो. मोबाईलचं बिनतारी चार्जिंगही साधारण ११० ते २०५ किलोहर्ट्‌झमध्येच चालतं, म्हणजे चावी ज्या पट्ट्यात ऐकते त्याच पट्ट्यात गोंगाट होतो. चावी कप ठेवायच्या खाचेत किंवा खिशात ठेवा. टीव्ही-रेडिओचे मनोरे आणि मोठी वीजकेंद्रं यांच्या जवळही असा अडथळा येतो. चावी नेहमीपेक्षा जवळ धरली की बहुधा काम होतं.

आणखी एक फसगत. इंजिन चालू असताना चावी गाडीबाहेर गेली तरी इंजिन बंद पडत नाही. गाडी आवाज करते, संदेश दाखवते आणि चालत राहते. नवरा जालना स्टेशनवर उतरला, चावी त्याच्या खिशात, बायको गाडी घेऊन अंबडकडं निघाली. मध्ये चहाला थांबून इंजिन बंद केलं की गाडी तिथंच राहिली. आवाज आला की आधी चावी कुणाकडं आहे ते विचारा. तोवर इंजिन बंद करू नका.

चावीचा सेल पूर्ण संपला तरी बटणाची गाडी उघडते आणि चालूही होते. कंपनीनं त्यासाठी सोय ठेवलेली असते, ती आजच एकदा करून बघा. चावीच्या बाजूला छोटी खिट्टी असते, ती दाबली की आतलं लोखंडी पातं निघतं. चालकाच्या दाराला चावीचं भोक असतं. काही गाड्यांत ते दांडीच्या टोकाच्या प्लास्टिक टोपीखाली लपलेलं असतं, टोपी पात्याच्या टोकानं उचकटावी लागते. पात्यानं दार उघडल्यावर भोंगा वाजू शकतो, घाबरू नका. आत बसून क्लच किंवा ब्रेक दाबा आणि चावी थेट स्टार्ट बटणाला टेकवा, काही गाड्यांत चावीनंच बटण दाबा. चावीतली चिप इथंही सेलशिवाय वाचली जाते. काही मॉडेलांत बटणाऐवजी ठरावीक खाचेत किंवा खुणेवर चावी ठेवायची असते. ती जागा गाडीच्या पुस्तकात चित्रासकट दिलेली असते. त्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

रिमोट, दाराचं बटण, आतला दिवा, सगळंच एकदम मेलं असेल तर दोष चावीचा नाही, गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा आहे. पात्यानं दार उघडा, बॉनेट उघडा, दुसऱ्या गाडीवरून जंप द्या. विजेवर उघडणारी डिकी तोवर उघडणार नाही, त्यामुळं जंपची केबल डिकीत ठेवू नका.

सेल बदलणं

बहुतेक चाव्यांत सीआर २०३२ असतो. काहींत सीआर २०२५, सीआर १६२०, सीआर १६३२, मोठ्या चाव्यांत सीआर २४५०. हा आकडा म्हणजे माप आहे. २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. २०२५ ची जाडी २.५ मिलिमीटर. दोन्ही ३ व्होल्टचेच, म्हणून दुकानदार एकाच्या जागी दुसरा देतो. पण ०.७ मिलिमीटरच्या फरकानं सेल आत सैल बसतो, चावी खिशात हलली की संपर्क तुटतो. जो आकडा जुन्या सेलवर कोरलेला आहे तोच घ्या.

सेल घेताना पाकिटावरची मुदत बघा. सुटे, खोक्यातून मोजून दिलेले सेल घेऊ नका. मल्टिमीटर असेल तर डीसी २० व्होल्टवर मोजा: नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. २.८ च्या खाली गेलेला बदला. मोकळा सेल मोजून फसायला होतं, कारण भार नसताना म्हातारा सेलही बरा आकडा दाखवतो. जमलं तर तो चावीत असताना, बटण दाबून मोजा.

१. खिट्टी दाबून लोखंडी पातं काढा. त्याच्या मागच्या खाचेत चपट्या पेचकसाचं टोक कापडात गुंडाळून घाला आणि हलकेच पिळा. कव्हर दोन भागांत सुटेल. कडेकडेनं पेचकस सरकवत गेलात तर खाचा तुटतात आणि चावी पुन्हा घट्ट बसत नाही.

२. अधिक चिन्ह वर होतं की खाली, ते बघून फोटो काढा. रबराची बटणं आणि चिप जागेवर आहेत ना, तेही बघा.

३. जुना सेल प्लास्टिकच्या किंवा लाकडी काडीनं उचला. पितळी पट्टी वाकवू नका. ती वाकली की नव्या सेललाही संपर्क मिळत नाही.

४. नवा सेल कडेनं धरून बसवा. बोटाचं तेल लागलं असेल तर कोरड्या सुती कापडानं पुसा. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलांवर कडू लेप असतो. त्यामुळं संपर्क नीट होत नसेल तर स्पिरिटच्या बोळ्यानं फक्त संपर्काची कड पुसा.

५. दोन्ही भाग चारही बाजूंनी कटकट आवाज येईपर्यंत दाबा. मग दार, डिकी, इंजिन, सगळं तपासा.

सेल काढल्यानं चावीची नोंद सहसा पुसली जात नाही. रिमोट तरीही ओळखला गेला नाही तर गाडीजवळ उभं राहून लॉक-अनलॉक दोन-चार वेळा दाबा. बऱ्याचदा तेवढ्यानं कोड जुळतो.

जुना सेल लगेच चिकटपट्टीत गुंडाळून मुलांच्या हाताबाहेर टाका. गिळलेला नाण्याएवढा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो. शंका आली तरी उलटी करायला लावू नका, काही खायला देत बसू नका. १०८ ला फोन करा, एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात तडक न्या.

दुसरी चावी करताना

दोन वाटा आहेत: कंपनीचं वर्कशॉप किंवा शहरातला चिपचं काम करणारा चावीवाला. वॉरंटीतल्या आणि बटणाच्या नव्या गाडीला आमचा कल वर्कशॉपकडं आहे. सात-आठ वर्षं जुन्या, फिरवायच्या चावीच्या गाडीला चांगला चावीवालाही तेच काम कमी पैशांत करतो. चांगला म्हणजे कसा? जो आधी आरसी आणि ओळखपत्र मागतो. कागद न बघता चावी करून देणारा माणूस उद्या तुमच्या गाडीची चावी दुसऱ्यालाही करून देईल.

त्याला पहिला प्रश्न विचारा: क्लोन करणार की प्रोग्रॅम? क्लोन म्हणजे जुन्या चिपचाच क्रमांक कोऱ्या चिपवर उतरवणं. गाडीला हात लागत नाही किंवा फार थोडा लागतो, काम पटकन होतं. पण गाडीच्या लेखी दोन्ही चाव्या एकच असतात. पुढं हरवलेली चावी गाडीतून पुसायची वेळ आली तर तिच्याबरोबर क्लोनही मरतो. प्रोग्रॅम म्हणजे स्टेअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटला मशीन लावून गाडीत नवी चावी स्वतंत्र नोंदवणं. वेळ आणि पैसे थोडे जास्त लागतात, तरी प्रोग्रॅमच करून घ्या.

या कामाला जाताना घरातल्या सगळ्या चाव्या बरोबर न्या. कित्येक गाड्यांत नवी चावी नोंदवताना जुन्या सगळ्या नोंदी पुसून पहिल्यापासून नोंदवाव्या लागतात. घरी राहिलेली चावी मग नुसतं लोखंड उरते. याच गुणाचा उपयोग हरवलेली चावी बाद करायलाही होतो. काम झाल्यावर गाडीत किती चाव्या नोंदल्या आहेत, हा आकडा मशीनच्या पडद्यावर दाखवायला सांगा. बऱ्याच गाड्यांत तो दिसतो. हातात दोन आणि पडद्यावर तीन असतील तर तिसरी कुणाकडं आहे? जुनी गाडी घेतलेल्यांनी हे जरूर करावं. नोंदींना मर्यादाही असते: बऱ्याच गाड्यांत चार, बटणाच्या काही गाड्यांत फक्त दोन.

प्रोग्रॅमिंग चालू असताना गाडीची बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास असली पाहिजे. इग्निशन बराच वेळ चालू राहतं, अर्ध्यात व्होल्टेज पडलं तर नोंद अर्धवट राहते आणि चालू चावीही गाडी विसरू शकते. बॅटरी तीन-चार वर्षं जुनी असेल तर चार्जर किंवा दुसरी बॅटरी जोडूनच काम करायला लावा. एसी, दिवे, टेप बंद.

पात्याबद्दल एक: दहा वर्षं वापरलेल्या चावीवरून पातं कापलं तर तिची झीजही नव्या चावीत उतरते. नवी गाडी घेताना चाव्यांबरोबर छोटा धातूचा किंवा प्लास्टिकचा बिल्ला मिळतो, त्यावर चावीचा क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून कापलेलं पातं कारखान्यातल्यासारखं येतं. बिल्ला कडीतून काढून गाडीच्या कागदांपासून वेगळा, घरात ठेवा. आणि पाडव्याला-दसऱ्याला नवी गाडी आली की चावी हातात धरून काढलेला फोटो स्टेटसला टाकतात, त्यात हा बिल्ला आणि पात्याचे दाते दिसू देऊ नका; त्यावरून चावी कापता येते. पूजेत हळद-कुंकू आणि पाणी पात्याला लावा, बटणांच्या फटीत नको.

ऑनलाइन स्वस्तात मिळणारी वापरलेली स्मार्ट की घेऊ नका. बऱ्याच स्मार्ट की एकदा एका गाडीशी जोडल्या की कुलूपबंद होतात, दुसऱ्या गाडीला लागत नाहीत. नवी चावी मागवतानाही फ्रिक्वेन्सी आणि भाग क्रमांक जुळवा. दिसायला सारखी, पण ३१५ मेगाहर्ट्‌झची चावी ४३३ च्या गाडीशी कधीच बोलणार नाही.

एक हरवली, एक आहे

आधी शोध. चालकाच्या सीटची रूळपट्टी, सीट आणि मधल्या कप्प्यातली फट, डिकीच्या कडेचं रबर, ओल्या कपड्यांची पिशवी, लग्नाच्या शेरवानीचा आतला खिसा. बटणाची गाडी शोधात मदत करते: दुसरी चावी गाडीपासून लांब ठेवा आणि स्टार्ट बटण दाबा. गाडीनं चावी ओळखली तर हरवलेली आतच कुठंतरी आहे. तुळजापूर किंवा औंढा नागनाथला, नाथषष्ठीला पैठणला अशा गर्दीत पडली असेल तर देवस्थानचं कार्यालय आणि पोलीस मदत केंद्र दोन्हीकडं सांगून ठेवा.

सापडली नाही तर त्याच दिवशी पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद करा आणि तिची प्रत घ्या. विमा कंपनीलाही लेखी, निदान ई-मेलनं कळवा. यात आळस करू नका. पुढं कधी गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी सगळ्या मूळ चाव्या मागते. एकच चावी पुढं केली आणि दुसरीचा कागद नाही, तर गाडीत चावी ठेवून निष्काळजीपणा केला असा संशय घेतला जातो आणि दावा अडकतो. पॉलिसीत चावी बदलण्याचं जादा कव्हर आहे का, तेही बघा. नव्या गाड्यांच्या पॉलिसीत ते पुष्कळदा विकलेलं असतं आणि मालकाला आठवत नाही.

मग हरवलेली चावी गाडीतून पुसून घ्या. पण पुसल्यानं काय होतं आणि काय होत नाही, हे नीट समजून घ्या. त्या चावीची चिप आणि रिमोट बाद होतात, इंजिन चालू होत नाही. लोखंडी पातं मात्र दाराच्या कुलपात अजूनही फिरतं. शेतात, नदीत हरवली असेल तर चिंता नाही. पण चावी कुणी उचलली असा संशय असेल, चावीबरोबर पत्ता लिहिलेली पिशवी किंवा आरसी गेली असेल, तर दाराचं आणि इग्निशनचं कुलूपही बदला. ते होईपर्यंत गिअर लॉक लावा आणि गाडी वाड्यात किंवा फाटकाच्या आत उभी करा.

दोन्ही गेल्या

आता गाडी हलणार नाही, म्हणून आधी उन्हातून आणि रस्त्यातून ती सुरक्षित करा. गाडीच्या काचेवर किंवा सर्व्हिस पुस्तकात कंपनीच्या रस्त्यावरच्या मदतीचा क्रमांक असतो. मुदत चालू असेल तर ओढून नेण्याचा ठरावीक अंतरापर्यंतचा खर्च त्यात येतो. टोचन लावताना दोर बांधून ओढू देऊ नका. चावी नसल्यानं स्टेअरिंग लॉक आहे, ऑटोमॅटिक गाडी पी मध्ये अडकली आहे, विजेवर चालणारा हँडब्रेक लागला आहे. तशीच ओढली तर गिअरबॉक्स आणि टायर दोन्ही जातात. सपाट पाटीची गाडीच मागवा, अडकलेल्या चाकांखाली सरकत्या पाट्या किंवा ट्रॉल्या घालायला सांगा.

वर्कशॉपला लागणारे कागद: आरसी, मालकाचं ओळखपत्र, विमा, पोलिसांतली नोंद, असेल तर चावीचा बिल्ला. आरसी हरवलेल्या पाकिटातच होती? डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली चालते. मालक बाहेरगावी असेल तर त्याचं सहीचं अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत आधीच मागवून घ्या; याविना बहुतेक ठिकाणी काम सुरूच होत नाही. १७ अक्षरांच्या चासी क्रमांकावरून कंपनी चावी आणि पिन कोड मागवते. फिरवायची चावी काही दिवसांत येते, स्मार्ट कीला आठवडा किंवा त्याहून जास्त लागतो. खर्चाचा लेखी अंदाज घ्या आणि त्यात चावी, प्रोग्रॅमिंग, कुलपं आणि मजुरी वेगवेगळी लिहायला लावा. एकाच खेपेत दोन चाव्या करा. प्रोग्रॅमिंगची मजुरी बहुधा एकदाच लागते.

जागेवर येऊन काम करणारे चावीवाले बऱ्याच मॉडेलांना ओबीडीतूनच नवी चावी नोंदवतात. काही गाड्यांत ते जमत नाही, मग इमोबिलायझरचा डबा उघडून त्यातली मेमरी वाचतात. हे बारीक झाळकामाचं आणि जोखमीचं काम आहे. काहीही लिहिण्याआधी मूळ मेमरीची प्रत काढून ठेवली का, हे विचारा. हो म्हणाला तर पुढं जाऊ द्या.

चावी आत राहून दार लॉक झालं असेल तर काचेच्या रबरातून लोखंडी पट्टी घालणं टाळा. नव्या गाड्यांच्या दारात वायरिंग आणि एअरबॅगचे सेन्सर असतात. हवेची पिशवी आणि लांब सळई वापरून दाराच्या वरच्या कडेनं उघडणारा माणूस बोलवा. आत लहान मूल असेल तर मात्र कुणाचीच वाट बघू नका. बंद गाडीतलं तापमान १० मिनिटांत साधारण १० अंशांनी चढतं, आणि मे महिन्यात परभणीत बाहेरच ४२-४३ असतं. मुलापासून सर्वांत लांबच्या बाजूच्या काचेवर, मध्यभागी नाही तर खालच्या कोपऱ्यात, टोकदार हातोडी किंवा पान्याचं टोक जोरात मारा. समोरची काच फोडायच्या नादी लागू नका. ती दोन थरांची असते, तडकते पण निघत नाही.

ऊन, पाणी, माती

उन्हाळ्यात डॅशबोर्डवर ठेवलेली चावी हात भाजेल इतकी तापते. नाण्याएवढे सेल साधारण ६० ते ७० अंशांपर्यंतच सोसतात, त्यापुढं फुगतात आणि गळतात. काळ्या मातीची बारीक धूळ कुलपात जाते. तिच्यावर खोबरेल किंवा इंजिन ऑइल सोडलं की चार दिवस चावी मऊ फिरते आणि मग त्या तेलात धूळ धरून कुलूप अडकतं. ग्रॅफाइटची कोरडी भुकटी चिमूटभर फुंका, चावी दहा वेळा आतबाहेर करा, पुसून घ्या.

चावी विहिरीत, गोदावरीच्या घाटावर किंवा धुण्याच्या मशीनमध्ये भिजली तर बटण दाबून बघू नका. लगेच उघडा, सेल काढा. पाणी बोअरचं असेल तर त्यातले क्षार पट्टीवर बसतात, म्हणून आधी शुद्ध पाण्यानं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं मऊ ब्रशनं धुवा. सावलीत, पंख्याखाली २४ तास वाळवा, नवा सेल टाका. तांदळात पुरल्यानं फक्त पीठ आत जातं. रिमोट वाचला नाही तरी चिप बहुधा वाचते आणि गाडी चालू होते.

चोर आणि खुंटी

स्मार्ट कीची एक उणीव आहे. दोन माणसं यंत्रं घेऊन येतात, एक गाडीपाशी, दुसरा घराच्या दाराशी. गाडीची हाक घरातल्या खुंटीवरच्या चावीपर्यंत पोचवतात आणि चावी उत्तर देते. म्हणून चावी रस्त्याकडच्या भिंतीवर टांगू नका. झाकणाचा स्टीलचा डबा बहुधा पुरतो. पण त्यात चावी टाकून, डबा हातात धरून, दांडीचं बटण दाबून बघा. दार उघडलं तर डबा कुचकामी. टोयोटाच्या बऱ्याच स्मार्ट कीमध्ये लॉक दाबून धरून अनलॉक दोनदा दाबलं की चावी झोपी जाते, कुठलंही बटण दाबलं की पुन्हा जागी होते.

चावी गाडीच्या अगदी जवळ, म्हणजे पोर्चला लागून असलेल्या खिडकीत ठेवली तर ती सतत जागी होत राहते आणि सेल काही महिन्यांत संपतो. टीव्ही, लॅपटॉप, चार्जर यांच्यापासूनही हातभर लांब ठेवा.

आणि ती दुसरी चावी: गाडीत नाही, पहिल्या चावीच्या कडीत नाही, प्रवासाच्या त्याच पिशवीतही नाही. गाव लांब असेल तर एक घरी आणि एक बरोबरच्या दुसऱ्या माणसाच्या खिशात. दर दोन महिन्यांनी आठवडाभर तीच वापरा, म्हणजे सेल बसला असेल किंवा बटण मेलं असेल तर अंगणातच कळेल. सेल बदलल्याची तारीख कागदी चिकटपट्टीवर लिहून चावीच्या पाठीला लावा.